चौथी पट्टी जेवली

रत्नम्माच्या दारावरून उपाशी पोटी पुढं जाणं आजवर फक्त तिघांना जमलं आहे. त्यातले दोघे जीपमध्ये होते आणि तिसऱ्याला तिनं दुसऱ्या दिवशी शेतात गाठलं.

हुलसूरहून भालकीकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून तिचं घर आणि घरामागं पाच एकर काळी जमीन. रस्त्याकडचं घर म्हणजे माणसांचा राबता आलाच. पण लोक रस्त्यानं जातात आणि रत्नम्मा त्यांना रस्त्यावरून उचलते, हा फरक ध्यानात घ्यायला हवा. मोबाइलच्या टॉवरची बॅटरी बदलायला आलेला माणूस तिच्या ओसरीवर जेवला. वाट चुकलेल्या वऱ्हाडाचा टेम्पो जेवला, आणि लग्नाला पोचला तेव्हा तिकडं कुणाला भूक नव्हती. रेशनकार्डाची चौकशी करायला आलेल्या बाईंनी घरात माणसं किती असं विचारलं, तर रत्नम्मा म्हणाली, "आज नऊ हायेत." खरं तर त्या घरात दोघंच राहतात, ती आणि तिचा नवरा जगदेवप्पा.

जगदेवप्पा कमी बोलणारे गृहस्थ. गळ्यात लिंग, कपाळावर भस्म, आणि बायकोचा विषय निघाला की चेहऱ्यावर एक सोशिक हसू. ते कधीमधी समजावून बघत. "आगं, बसवण्णांनी दासोह सांगितलाय म्हंजी पिकल्यातलं वाटून खावा म्हणलंय. पाव्हण्याचा हात धरून त्येच्या ताटात चौथी भाकरी टाकावी असं कुटं बी म्हणलं न्हाई." त्यावर रत्नम्मा त्यांच्याच ताटात चौथी भाकरी टाकायची, आणि विषय संपायचा.

अशा बाईच्या शेतात कुणी विज्ञानाचा प्रयोग करू नये. पण केला, आणि तोही तिच्या सख्ख्या भाचीनं.

सुधारानी म्हणजे रत्नम्माच्या थोरल्या भावाची लेक, रायचूरला शेतकीची एम.एस्सी. करणारी. हुशार पोरगी, पण नशीब जरा वाकडं. आदल्या साली तिनं भुईमुगावर प्रयोग लावला होता, तो रानडुकरांनी एका बैठकीत फस्त केला. मुदत संपत आली होती. या रब्बीत प्रयोग हाती लागला तर पदवी, नाहीतर तीन वर्षांच्या शिक्षणावर पाणी. म्हणून तिनं आत्याचं रस्त्याकडचं, माणसांच्या वर्दळीचं रान निवडलं. डुकरं इकडं फिरकायची नाहीत, इतकाच विचार तिनं केला. आत्याचा विचार तिच्या डोक्यातसुद्धा आला नाही.

दसऱ्याच्या सुमाराला ती आली. सोबत एक पिशवी, पिशवीत पाव लिटरची बाटली, तीन लाल झेंड्या आणि तीन पांढऱ्या.

"एवढीशी बाटली?" रत्नम्मा म्हणाली. "आमी पोती आणताव."

सुधानं मग जेवता जेवता समजावलं. बाटलीत जस्त आहे. आपल्याकडच्या जमिनीत जस्त कमी, म्हणून ज्वारीच्या पानांवर पांढरट पट्टे उमटतात आणि दाणे भरत नाहीत. पोत्यातलं खत मातीत पडतं आणि बरंचसं मातीतच अडकून बसतं. पण बाटलीतल्या जस्ताचे कण इतके बारीक केलेत की एका केसाच्या जाडीत हजारेक कण शेजारी शेजारी बसतील. यालाच नॅनो म्हणतात. पाण्यात मिसळून पानावर फवारायचं, की ते थेट पानातून आत जातं.

"पानातून आत कसं जातंय?"

"पानाला बारीक बारीक तोंडं असतेत, आत्या. डोळ्याला दिसत न्हाईत. त्यातून."

रत्नम्माचा हात भाकरीवरच थांबला. सत्तावन्न वर्षं ती ज्वारीच्या रानात वावरली होती. पेरली, खुरपली, कापली, थापली. पण त्या पानांना तोंडं असतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सुधाला तेव्हा कळलं नाही की एम.एस्सी.चा निम्मा घात तिनं त्या एका वाक्यात करून ठेवला.

शाळूच्या सहा पट्ट्या आखल्या. तिघींना नॅनो द्यायचं आणि तिघींना नाही, म्हणजे दोन्हींतला फरक कळतो. कोणत्या तीन ते आपल्या मनानं ठरवायचं नसतं, चिठ्ठ्या टाकायच्या असतात. सुधानं चिठ्ठ्या करून आत्याच्या पदरात टाकल्या आणि म्हणाली, काढ. रत्नम्मानं हौसेनं काढल्या. एक, चार आणि सहा नंबरला पांढरी झेंडी लागली.

"आता ह्यांना काय द्यायचं?"

"नुसतं पाणी फवारायचं."

"नुसतं पाणी?" रत्नम्मा म्हणाली. "आगं, पाव्हण्याला नुसतं पाणी पाजून घालवतेत व्हय?"

सुधा हसली. मग गंभीर झाली आणि तिनं आत्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. "आत्या, पांढऱ्या पट्टीत कायबी टाकायचं न्हाई. शेण न्हाई, राख न्हाई, कायबी न्हाई. माझं सगळं वर्ष त्येच्यावर हाय." रत्नम्मानं भाचीच्या डोक्यावर हात ठेवून हो म्हटलं, आणि ते अगदी मनापासून म्हटलं.

पुढचे दोन महिने मात्र तिला फार जड गेले. सुधानं दोन फवारण्या केल्या. लाल झेंडीच्या पट्ट्या हिरव्यागार झाल्या, पानं रुंद, ताटं जाड. पांढऱ्या झेंडीच्या पट्ट्या वाढत होत्या, पण फिकट, आणि पानांवर ते पांढुरके पट्टे. रत्नम्मा रोज सकाळी बांधावरून जायची. पहिले काही दिवस तिनं मान वळवून बघितलं. नंतर ती खाली बघून जायला लागली. डिसेंबरात तिनं रस्ताच बदलला. विहिरीकडून लांबचा वळसा घालून, चिखल तुडवत जायची. जगदेवप्पांनी विचारलं, "कामून तिकडून जायलीस?" तर म्हणाली, "त्या बगायलेत माझ्याकडं."

"कोण?"

"एक, चार अन् सहा."

त्या दिवसापासून जगदेवप्पा जेवताना बायकोच्या ताटाकडं बघायला लागले, कारण ती स्वतः एक भाकरी कमी खायला लागली होती. आपणच चिठ्ठ्या काढल्या, आपल्याच हातानं तिघींना उपाशी ठेवलं, हे तिच्या मनातून जाईना. तिला खरोखर वाईट वाटत होतं. हसणाऱ्यांनी हसावं.

आणि मग येळवस आली.

मार्गशीर्षातली ही अमावस्या म्हणजे आमच्या भागातला सगळ्यात खुळा सण. त्या दिवशी बिदर, कलबुर्गी, पलीकडं उदगीर, लातूर, सगळी गावं रिकामी होतात आणि शिवारं भरतात. दुकानांना कुलपं, कचेऱ्यांत शुकशुकाट. शेतात कडब्याची खोप करायची, पाच दगड चुन्यानं रंगवून आत मांडायचे, पूजा करायची आणि मग जेवायचं. सतरा भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर आणि माठभर आंबट आंबील. शेवटी ती आंबील डहाळीनं पिकावर शिंपडत, ओरडत, सगळ्या रानाला फेरी मारायची. रानानं आपल्याला वर्षभर जेवू घातलं, तर आज रानाला जेवू घालायचं. त्या दिवशी कुणी उपाशी राहता कामा नये, ओळखीचा नाही, अनोळखी नाही. थोडक्यात सांगायचं तर रत्नम्माला वर्षभर जे वेड लागलेलं असतं, ते त्या दिवशी साऱ्या जिल्ह्याला लागतं.

त्या येळवशीला तिनं एकसष्ट माणसं जेवू घातली. तिचे पाहुणे होते बावीस. उरलेले रस्त्यावरून आणले. त्यांत एक जेसीबीचा ड्रायव्हर, दोन मास्तर, आणि पंक्चर झालेल्या मोटारीतलं पुण्याचं एक कुटुंब. त्या कुटुंबातल्या बाई म्हणत होत्या, आम्ही डबा आणलाय. रत्नम्मानं त्यांचा डबा जप्त करून जेसीबीच्या ड्रायव्हरला दिला आणि त्यांना पंगतीत बसवलं. बाईंनी तीन उंडे खाल्ले आणि मोटारीचं चाक बसल्यावरही उठेनात.

मग शिंपडण्याची वेळ झाली. जगदेवप्पांनी डहाळी आणि आंबील घेतली. सुधानं हात जोडले. "मामा, प्रयोगाच्या पट्ट्यांत न्हाई. तेवढं सोडून सगळीकडं." मामांनी मान हलवली. पोरंबाळं ओरडत त्यांच्यामागं धावली, मास्तरही धावले, पुण्याचे गृहस्थ चप्पल हातात घेऊन धावले. सगळ्या रानाला आंबील मिळाली. तुरीला मिळाली, हरभऱ्याला मिळाली, बांधावरच्या बोरीलासुद्धा मिळाली. सहा पट्ट्यांपाशी आल्यावर जगदेवप्पांनी डहाळी आवरली आणि पुढं गेले.

रत्नम्मा खोपीपाशी उभी राहून हे बघत होती. लाल झेंडीच्या पट्ट्यांचं तिला काही वाटलं नाही, त्यांनी दोनदा खाल्लं होतं. पण आजच्या दिवशी, एकसष्ट माणसं जेवून ढेकर देत असताना, एक, चार आणि सहा तशाच उभ्या होत्या. तोंडं असलेल्या.

सुधाला बायकांनी लिंबाच्या झाडाला बांधलेल्या झोक्यावर बसवलं होतं. तिची पिशवी बाभळीला टांगलेली होती. रत्नम्मानं इकडंतिकडं बघितलं. पिण्याच्या माठाला तिनं हात लावला नाही, तेवढं भान तिला होतं. खरकट्या पाण्याच्या वेगळ्या घागरीत तळाची आंबील ओतली, वर पाणी घातलं, आणि पिशवीतली बाटली काढून दोन टोपणं मोजून टाकली. दोन कामून? तर पाहुण्याला एकदा वाढून थांबत नाहीत म्हणून.

आधी ती चार नंबरात शिरली, कारण ती मधोमध होती आणि शाळू खांद्याला लागत होता, कुणाला दिसलं नसतं. डहाळी बुडवून एकेका ताटावर शिंपडत गेली. "जेव माय, जेव," म्हणत गेली. "राग धरू नकू. पोरीच्या शिक्षणापायी झालं सगळं." तिच्या पायांत बळ आलं. पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती जवळजवळ नाचत गेली आणि परत आली, आणि घागर रिकामी झाली. एक आणि सहा राहिल्याच होत्या. पुन्हा घागर भरायला ती बाहेर आली तर झोक्यावरून सुधानं हाक मारली.

"आत्या, ये की गं. तुझी पाळी."

पोरीबाळींनी धरून तिला झोक्यावर बसवलं आणि दोन्हीकडून ढकललं. सत्तावन्न वर्षांची बाई, लिंबाच्या फांदीला बांधलेल्या दोरावर, लुगड्याचा बोंगा आवरत वर गेली. वरून तिला सगळं रान दिसलं, खोप दिसली, ढेकर देणारी माणसं दिसली, आणि मधली चौथी पट्टी दिसली, ओली, उन्हात चमकणारी. रत्नम्माला इतकं हसू आलं की थांबेना. ती का हसते ते कुणालाच माहीत नव्हतं, पण तिला बघून सगळे हसायला लागले. पुण्याच्या बाई तर डोळे पुसत होत्या.

दुसऱ्या दिवशी हसू ओसरलं आणि तिला आपला शब्द आठवला. पण चार नंबरच्या ताटांकडं आता ती नजर वर करून बघू शकत होती. एक आणि सहाची तिनं मनातल्या मनात माफी मागितली आणि गप्प बसली. एका पट्टीनं असं काय होणार आहे, असं तिला वाटलं.

फेब्रुवारीच्या शेवटी शाळू कापला. सहा पट्ट्यांची कणसं वेगवेगळी वाळवली, वेगवेगळी मळली, सहा पोत्यांवर नंबर घातले. वजनाच्या दिवशी सुधाचे गाइड डॉक्टर गुरुशांतप्पा स्वतः आले. ते मूळचे आळंदकडचे, त्यामुळं मराठी, कन्नड दोन्ही अस्खलित, आणि दोन्हींत कडक. गावातली पंधरावीस माणसं जमली. रत्नम्मानं चहा ठेवला होता आणि उपीट, आणि कुणी नको म्हणू नये म्हणून वर शेंगाचटणी.

काटा लागला. दोन नंबर, लाल, सतरा किलो. तीन नंबर, लाल, सव्वासतरा. पाच नंबर, लाल, पावणेसतरा. मग पांढऱ्या. एक नंबर, चौदा किलो. सहा नंबर, पावणेचौदा. सुधाच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडायला लागला. एवढा स्वच्छ फरक. शेवटी चार नंबरचं पोतं काट्यावर चढलं.

साडेसतरा.

पुन्हा चढवलं. साडेसतराच.

सुधाच्या तोंडचं पाणी पळालं. गुरुशांतप्पा सरांनी चष्मा काढला. "हे पांढरं ना?"

"व्हय सर."

"मग हे लालपेक्षा जास्त कसं? झेंडी बदलली?"

"न्हाई सर."

"फवारताना चुकून इथं मारलं?"

"न्हाई सर, मी नकाशा बघूनच..."

"सुधारानी," सर शांतपणे म्हणाले, आणि ते शांतपणे बोलले म्हणून ती जास्त घाबरली, "एका पट्टीचं असं का झालं ते तुला सांगता येत नसेल, तर बाकीच्या पाचांच्या नोंदीवर मी विश्वास कसा ठेवू? कारण मिळालं नाही तर हा प्रयोग मला धरता येणार नाही."

सुधा वहीची पानं उलटायला लागली. वहीत काही चूक नव्हती, म्हणून काही सापडेनाही.

रत्नम्मा उपिटाचं ताट घेऊन दारात उभी होती. बोलावं तर डोक्यावर हात ठेवून दिलेला शब्द मोडला हे पंधरावीस माणसांसमोर उघडं पडणार, आणि पोरगी जन्मात तोंड बघणार नाही. न बोलावं तर पोरीचं वर्ष गेलं, आणि तेही तिच्या स्वतःच्या चुकीनं गेलं असं सगळे म्हणणार. रत्नम्मा भित्री होती असं नाही. पण आपल्या माणसाच्या नजरेतून उतरायची भीती तिलाही होती. तिनं ताट खाली ठेवलं. पाहुण्यांना वाढायच्या आधी तिनं ताट खाली ठेवलेलं जगदेवप्पांनी लग्नानंतर पहिल्यांदाच बघितलं.

"सर, तिची चूक न्हाई. चार नंबर जेवलीय."

कुणाला काही कळेना.

"येळवशीला मी जेवू घातले. आंबलीत बाटलीतलं औषध घालून. एकीलाच पुरलं. एक अन् सहा उपाशीच राहिल्या, त्ये तुमच्या काट्यानं बी सांगितलं."

अख्खी ओसरी हसून लोळायला लागली. जगदेवप्पा भिंतीला टेकून हसत होते. एकटी सुधा हसली नाही. तिचे डोळे भरून आले. "आत्या, माझ्या डोस्क्यावर हात ठिवून सांगितलीस की गं. कामून केलीस असं?"

"तूच म्हणालीस की त्येला तोंडं हायेत," रत्नम्मा म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "तोंड हाय म्हणल्यावर मी काय करू?"

सर मात्र हसत नव्हते. त्यांनी खिशातून पेन काढलं होतं. "अक्का, टोपणं किती?"

"दोन."

"पाणी?"

"अर्धी घागर. आंबील धरून."

"वेळ?"

"मोटारवाले जेवल्यावर. तीनच्या सुमाराला."

सर लिहीत राहिले. दाणे भरायच्या ऐन वेळेला मात्रा पडली होती. वजन वाढलं ते औषधानं, की आंबलीनं, की निव्वळ योगायोगानं, हे एका पट्टीवरून सांगता येणार नाही, असं ते म्हणाले. लगेच ओसरीवर दोन तट पडले आणि आंबीलवाले मोठ्यानं बोलायला लागले. सरांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि सुधाकडं वळले. "चार नंबर बाद. पण बाद का, ते आता माहीत आहे. बाकी पाच माझ्या दृष्टीनं धरायला हरकत नाही. पदवीला एवढं पुरेल. मात्र छापायचं असेल तर पुढच्या रब्बीला पुन्हा एकदा करावं लागेल."

सुधा मटकन खाली बसली आणि वही छातीशी धरून आधी रडली, मग हसली. मग उठून आत्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तिच्या गळ्यात पडली. राग गेला होता असं नाही. पण गळ्यात पडायला रागाची अडचण होत नव्हती. नंतर तिनं वही उघडली आणि चार नंबरच्या रकान्यात, शेऱ्याच्या जागी, स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'ही पट्टी येळवशीला जेवली.'

सरांनी उपीट खाल्लं. दुसऱ्यांदा खाल्लं, कारण दुसरा इलाज नव्हता. हात धुताना ते म्हणाले, "अक्का, पुढच्या साली हेच रान द्याल? या वेळी पट्ट्या बारा असतील. सहा पांढऱ्या. राहवेल का तुम्हाला?"

सुधानं आत्याकडं बघितलं. जगदेवप्पांनी बघितलं. आपल्या रानात विद्यापीठाचा प्रयोग, सर स्वतः येणार, गावात नाव होणार. रत्नम्मानं खूप विचार केला. सहा उपाशी पट्ट्या, आणि मध्ये एक येळवस.

"न्हाई सर," ती म्हणाली. "मला जमायचं न्हाई. उगं पोरीचं वाटोळं हुईल. कमठाण्याला आमची धाकटी जाऊ हाय, नागरत्ना. तिच्या दारावरून कुत्रं बी आशेनं जात न्हाई. बारा सोडा, तिथं चोवीस पट्ट्या लावा, एकीच्या बी तोंडाला कायबी लागायचं न्हाई." मग तिनं पदरानं डोळे कोरडे केले आणि सरांच्या ताटात न विचारता तिसऱ्यांदा उपीट वाढलं. "फकस्त सुधाचा डबा तेवढा हितून बसनं जाईल."